इंजिनाचं विरजण

गाडीत कोणतं इंधन भरायचं, यावरून जयवंत शिंत्रे आणि त्यांची बायको उज्ज्वला यांच्यात उभा संसार भांडण चाललं. शेवटी ते जयवंतरावांनी जिंकलं. पण तोवर उज्ज्वलाबाईंना ते भांडणही आठवत नव्हतं आणि कधीकधी नवराही. जिंकून सांगायचं तरी कुणाला, अशी गत झाली.

भांडण मुळात साधं होतं. मलकापूरच्या पंपावर चार नळ्या होत्या: वीस, चाळीस, सत्तर आणि शंभर. आकडा म्हणजे पेट्रोलमध्ये उसापासून काढलेल्या इथेनॉलचा वाटा किती ते. शहरातल्या गाड्या केव्हाच विजेवर गेल्या होत्या, पण ऊसपट्ट्यात आणि वर आंब्याच्या घाटात अजून इंजिनं धडधडत होती. जयवंतराव साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले. पाण्याचा अंशही न उरलेलं, काचेसारखं स्वच्छ इथेनॉल काढण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे शंभरच्या खालचं सगळं त्यांच्या लेखी भेसळ. उज्ज्वलाबाई मात्र मानोलीच्या शाळेत शिकवायला रोज स्वतः गाडी हाकत घाट चढायच्या, आणि पहिल्या दिवसापासून चाळीसच भरायच्या.

"अहो, पोराला ज्या दुधाची सवय लागलीय, तेच पाजावं," त्या म्हणायच्या.

"इंजिन म्हणजे पोर नव्हे. लोखंड आहे ते."

"लोखंडावर साय आहे की."

या सायीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिनेच घडवलं. कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांत काही जिवाणू राहतात, उकळत्या पाण्यातही सुखाने नांदणारे. संशोधकांनी त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढवून अशी जात तयार केली, की ती इंजिनाच्या तापल्या तेलातही जगावी. तिथे त्यांना खायला असतंच. पिस्टनच्या कडेने इंधनाचा थोडा अंश नेहमीच खाली झिरपून तेलात मिसळतो. पूर्वी त्याला दोष म्हणायचे. हे जिवाणू तो अंश खातात, काजळी खातात, आणि त्या बदल्यात धातूवर एक पातळ, टणक, गुळगुळीत थर चढवतात. दिवसभरात इंजिन झिजलं तर रातोरात तो थर भरून येतो. दुधावर धरते तशी धरते, म्हणून लोक त्याला साय म्हणू लागले. सायीमुळे इंजिनं पूर्वीच्या दुप्पट जगू लागली.

पण जिवंत वस्तू म्हटली की तिच्या खोडी आल्याच. साय ज्या इंधनावर वाढली त्याचीच तिला सवय लागते. बदलायचंच तर थोडं थोडं मिसळत, महिनोन् महिने घालवून बदलायचं. एकदम पालट केला तर ती मरते, पोपडे धरून सुटते, आणि ते पोपडे तेलाच्या बारीक वाटा बुजवतात. मग इंजिन जाम.

साय बनवणारी कंपनी ती बाटलीतून विकायची. दर वेळी तेल बदललं की नवी बाटली घ्या, असा तिचा हिशेब होता. पण ज्या बायकांचा जन्म दह्याला विरजण लावण्यात गेला, त्यांना कंपनी काय शिकवणार? जुनं तेल काढताना त्यातलं वाटीभर मागे ठेवायचं आणि नव्या तेलात घालायचं, की साय पुन्हा धरते, हे कुणीतरी ताडलं आणि गावोगाव पसरलं. पुढे शेजारणी विचारू लागल्या, "तुमची गाडी फार गोड चालते हो, विरजण देता का?" सासरी जाणाऱ्या मुलीच्या गाडीला माहेरच्या गाडीचं विरजण जाऊ लागलं.

उज्ज्वलाबाईंच्या विरजणाला तर पंचक्रोशीत मान होता. रोज घाट चढून त्यांची साय अशी जाड धरली होती, की दुसऱ्या गिअरला इंजिन धडधडायचंच नाही. पहाटे शेजारच्या घरात जातं फिरावं तशी खोल, मऊ घरघर यायची. पडवीच्या फळीवर त्यांचा स्टीलचा डबा सदा भरलेला. आला तो वाटीभर घेऊन गेला.

जयवंतरावांना हे बघवत नसे. कुणाच्या इंजिनातली घाण कुणाच्या इंजिनात! शास्त्र शिकलेल्या माणसाने प्रयोगशाळेतलं शुद्ध कल्चर सोडून हे असलं करावं? "गाडीचं दुकान मांडलंयस का?" असं ते आधी हसत म्हणायचे, मग हसणं गेलं. एका संध्याकाळी उज्ज्वलाबाईंची शाळेतली जोडीदारीण, छाया पोवार, नवी घेतलेली जुनी जीप घेऊन दारात आली. हातात रिकामी बरणी होती. जयवंतराव दार अडवून उभे राहिले.

"तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत, बाई," ते म्हणाले.

स्वतः त्यांनी असला समज जन्मात कधी पाळला नव्हता. छायाबाईंना ते कळलं, तोंडात मारल्यासारख्या त्या परत गेल्या. उज्ज्वलाबाई आत देवापाशी दिवा लावत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून पडवीतला डबा दिसेनासा झाला. आपलं म्हणणं बायकोला पटलं, असं जयवंतरावांना वाटलं. नवऱ्यांना असं पुष्कळदा वाटतं.

*

निवृत्तीनंतर काही वर्षांनी उज्ज्वलाबाई विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग वारांची नावं, मग माणसं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की या आजारात चेहरे लवकर जातात, पण कानात मुरलेले आवाज फार उशिरापर्यंत टिकतात. ओळखीचं गाणं असेल तर लावत चला.

गाण्यांनी काही झालं नाही. गाडीने झालं. एकदा तपासणीला नेताना जयवंतरावांनी इंजिन सुरू केलं, आणि सकाळपासून "तुम्ही कोण?" म्हणून विचारणारी बायको शेजारी बसल्या बसल्या म्हणाली, "अहो, एवढा रेस कशाला देता? तिला लागत नाही."

त्या दिवसापासून जयवंतराव रोज सकाळी तिला घेऊन घाटाकडे निघू लागले. घरात ती त्यांना कधी पाहुणा समजायची, कधी पोस्टमन. गाडीत बसली आणि ती घरघर सुरू झाली, की ते तिचे "अहो" होत. दुसरा गिअर पडला की ती वळणांची नावं सांगे, कुठल्या वळणावर कुठलं पोर गाडीची वाट बघत उभं असायचं ते सांगे. परत येऊन इंजिन बंद झालं, की थोड्याच वेळात चेहऱ्यावरून ओळख ओसरून जायची. जगात जयवंतराव एकाच ठिकाणी नवरा उरले होते, आणि ते ठिकाण म्हणजे त्या जुन्या गाडीची पुढची सीट.

इतकं असून त्यांनी ते केलं. वाईट बुद्धीने नव्हे. दुर्दैव असं, की फार चांगल्या बुद्धीने केलं.

लग्नाचा वाढदिवस होता. त्यांनी बायकोला नवी इरकल नेसवली, वेणी घातली. पंपावर पोचल्यावर त्यांच्या मनात आलं, की ज्या गाडीने आपल्याला बायको परत दिली तिला आज तरी चांगलंचुंगलं द्यावं. आणि जयवंतरावांच्या दृष्टीने चांगलं म्हणजे काय, हे पंपावरच्या मुलीलाही ठाऊक होतं.

"काका, बाई तर चाळीसच भरायच्या," ती म्हणाली.

"आज शंभर. टाकी फुल्ल."

गाडीच्या पडद्यावर सूचना आली: सायीला या इंधनाची सवय नाही, थोडं थोडं भरा. जयवंतरावांनी बोटाने ती पुसली. कारखान्यात त्यांनी कमी का सूचना पुसल्या होत्या! शंभर त्यांनी स्वतःच्या हाताने तयार केलेलं. आपल्या हातचं गोड लागणार नाही असं कुणाला वाटतं?

उज्ज्वलाबाई खिडकीतून नळीकडे बघत होत्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तिला सोसेल ना?"

"अगं, अमृत आहे हे."

दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. नंतर घरघर जरा चढली, त्यात खरखर आली. जयवंतरावांना वाटलं, इंजिनाला जोर आला. आणि एका सकाळी घाटाच्या ऐन चढावर दात खाल्ल्यासारखा आवाज होऊन गाडी जागच्या जागी थांबली.

उज्ज्वलाबाईंनी शेजारी बघितलं. जयवंतरावांचा चेहरा त्यांनी नीट निरखला. मग पदर सावरून त्या दाराकडे सरकल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही कोण हो? मला कुठं घेऊन चाललाय?"

*

इक्बाल शिकलगार या मेस्त्रीने इंजिन उघडलं आणि तेलाच्या तळातून करड्या पापुद्र्यांचा ओंजळभर गाळ काढून फडक्यावर ठेवला. अंत्ययात्रेत बोलतात तेवढंच तो बोलला.

"साहेब, काय पाजलं हो हिला?"

"शंभर."

इक्बालने मान खाली घातली. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "साहेब, जखम झाली की आपण स्पिरिटनं पुसतो. ते कशापायी?"

जंतू मरावेत म्हणून. हे जयवंतरावांना शाळेपासून ठाऊक होतं. कारखान्यात भेटीला येणाऱ्या पोरांना ते स्वतः समजावून सांगायचे. पण बायकोच्या इंजिनात काही जिवंत आहे, हे त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही मनापासून मानलंच नव्हतं. बायको सांगायची, ते हसायचे. गॅरेजच्या बाकावर बसून ते त्या पापुद्र्यांकडे बघत राहिले आणि त्यांना भडभडून आलं. बायकोने रोजच्या येण्या-जाण्यातून उभं आयुष्य लावून धरलेलं ते होतं, आणि आपण ते वाढदिवसाची भेट म्हणून धुऊन टाकलं.

इंजिन नव्याने बांधलं. कंपनीची शुद्ध कल्चरची बाटली घातली. चाळीस भरलं. साय धरली, गाडी उत्तम चालू लागली. गावातल्या कुठल्याही गाडीसारखी. उज्ज्वलाबाई दारापर्यंत आल्या, कान देऊन ऐकलं आणि मागे सरल्या.

"ही कुणाची गाडी? मी परक्याच्या गाडीत बसत नाही. आमचे हे येतील न्यायला."

"अगं, मीच आहे."

"तुम्ही असाल हो," त्या समजुतीने म्हणाल्या, "पण ते येतील."

रोज सकाळी तेच. त्या पायरीवर बसून रस्त्याकडे कान लावायच्या. जयवंतराव शेजारी बसायचे आणि तेही वाट बघायचे, जणू दुसरा कुणी जयवंत खरंच येणार होता.

आता विरजण शोधायला हवं होतं. पण ज्यांनी ज्यांनी पूर्वी वाटी नेली होती ते सगळे विजेच्या गाडीवर गेले होते. आणि त्यानंतरच्यांना द्यायचंच जयवंतरावांनी बंद केलेलं. दिल्याने वाढतं असं विरजणाबद्दल आपल्याकडे म्हणतात. दिलं नाही तर काय होतं, ते त्यांना आता दिसत होतं. ती साय दहा घरांत नांदत राहिली असती, तर आज वाटीभर कुठेही मिळाली असती.

इक्बालच एक दिवस म्हणाला, "साहेब, छायाबाईंची जीप बघा की. ती गॅरेजात शिरली की मला आपलं वाटतं, आपल्या बाईच आल्या."

"शक्य नाही," जयवंतराव म्हणाले. "तिला दिलं नव्हतं. मीच..."

*

छायाबाई निवृत्तीनंतर बांबवड्याला राहत होत्या. बायकोला शेजारच्या मंगलवहिनींकडे आणि गाडी तेल काढायला इक्बालकडे सोपवून जयवंतराव एसटीने निघाले. एसटी वाटेत पंक्चर झाली आणि ते पोचले तेव्हा घरोघरी दिवे लागत होते. त्यांच्या हातात रिकामी बरणी होती. फाटकातच त्यांचे पाय अडखळले. पण परतीच्या गाडीलाही वेळ होता, आणि जायचं तरी कुठल्या तोंडाने?

छायाबाईंनी दार उघडलं, बरणीकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"तिन्हीसांजेला देत नाहीत, शिंत्रेसाहेब," त्या म्हणाल्या.

जयवंतरावांनी मान डोलावली आणि खरंच मागे वळले. तेव्हा छायाबाईंनी धावत येऊन त्यांचा हात धरला. "अहो, या की आत! चेष्टा केली. तुम्ही म्हणजे अगदीच... या, बसा."

चहा झाला. जयवंतरावांनी सगळं सांगितलं, शंभरसकट. छायाबाई डोळे पुसत उठल्या आणि स्वयंपाकघरातून डबा घेऊन आल्या. स्टीलचा. झाकणावर उज्ज्वला ज. शिंत्रे असं नाव कोरलेलं. जयवंतरावांनीच ते कोरून घेतलं होतं, संसाराची भांडी घेताना.

"तुम्ही मला परत पाठवलंत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वला हा घेऊन शाळेत आली. वर भाकरी, खाली हे. म्हणाली, 'यांच्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस. पण यांना सांगूही नकोस, रागावतात.'"

जयवंतराव डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिले. बायकोने आपल्यापासून कधी काही लपवलं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. लपवलं होतं, आणि बरं झालं लपवलं. चोरून दिलेलं तेवढंच आज जगात शिल्लक होतं. तिला चोरून द्यावं लागलं, याची मात्र त्यांना मनस्वी लाज वाटली.

"एक सांगते," छायाबाई वाटीने काळसर तेल बरणीत ओतत म्हणाल्या, "विरजण तुमच्याच घरचं आहे. पण इतकी वर्षं माझ्या दुधात लागलंय. मी सत्तर भरते, आणि माझी जीप खालच्या रस्त्यांनीच जास्त हिंडली. चव तीच येईल असं नाही हो."

"येईल," जयवंतराव म्हणाले.

*

पावसाळा गेला, ऊस तुटायला आला. जयवंतरावांनी गाडीची अशी निगा राखली, की जन्मात कशाची राखली नव्हती. सत्तरवरून चाळीसवर यायला त्यांनी घाई केली नाही, दर खेपेला जरा जरा उतरवत नेलं. तेलाची पट्टी रोज बघितली, जाळी स्वतः धुतली. पंपावरची मुलगी हसून म्हणायची, "काका, बाईंसारखं करायला लागलात." रोज रिकामी गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर चढवून ते कान लावत. ते इंजिनाशी बोलतही असत, पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

आणि एक दिवस घरघर आली. खोल, मऊ. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून मनसोक्त रडून घेतलं. तीच का, अशी शंका मनात डोकावली होती. सूर किंचित खाली होता का? अडखळत होता का कुठे? त्यांनी ती शंका आत शिरू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोला तीच इरकल नेसवून घेतली. गाडी दाराशी आणली आणि इंजिन चालूच ठेवलं. उज्ज्वलाबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळला. त्या उठल्या आणि चालत नव्हे, लगबगीने आल्या. जयवंतरावांनी शेजारचं दार आतून उघडून धरलं.

त्या दारापाशी थांबल्या, ऐकलं आणि हसल्या.

"छायाची जीप!" त्या म्हणाल्या. "छायाने पाठवली होय तुम्हाला?"

पुढचं दार त्यांनी हळूच लावलं, मागचं उघडलं, आणि परक्या माणसाच्या गाडीत बसावं तशा नीट अंग चोरून मागे बसल्या.

जयवंतरावांचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. त्यांनी आरशात पाहिलं. बायको आनंदात होती. कुठे निघालो हे तिला ठाऊक होतं, कुणाच्या गाडीने ते ठाऊक होतं. एवढं तरी परत आलं होतं. मग त्यांनी गाडी सावकाश रस्त्यावर घेतली.

गाव मागे पडलं तशी ती मागून पुढे वाकली.

"भाऊ, मला फार वेळ नको हं. घरी आमचे हे वाट बघत असतील."

"बरं, बाई."

"तसे तापट आहेत. पण मनाने वाईट नाहीत." मग आवाज खाली आणून, शाळेतली पोर गुपित सांगते तसं म्हणाली, "आणि एक काम करा. त्यांची गाठ पडली तर छायाला मी विरजण दिलंय हे सांगू नका. तिन्हीसांजेला तिला रिकामं पाठवलं हो त्यांनी. मला फार वाईट वाटलं. पण सांगू नका, त्यांना उगीच लागेल."

समोर घाटाचा चढ आला होता.

"नाही सांगत, बाई," जयवंतराव म्हणाले, आणि त्यांनी दुसरा गिअर टाकला.